ताप गेला, दुखणे राहिले

कोकणात पाऊस सरत आला की तापाचे दिवस सुरू होतात. श्रावणापासून थेट नवरात्रापर्यंत कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि खासगी दवाखान्यांत रांगा लागतात. गावागावांतून एसटीने, रिक्षाने, हल्ली मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून माणसे येतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, चिकुनगुन्या ही नावे आता आमच्याकडच्या आज्यांनाही पाठ झाली आहेत. रक्त तपासले जाते, सलाइन लागते, चार-सहा दिवसांनी ताप उतरतो आणि घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग महिन्याभराने मंगळवारच्या बाजारात कोणी त्या बाईला विचारते, ‘‘काय गो, बरी मां आता?’’ आणि उत्तर येते, ‘‘ताप गेलो, पण सांदे काय सुटाक नाय.’’

हे उत्तर आपण ऐकतो आणि पुढे जातो. ताप मोजता येतो. काखेत थर्मामीटर ठेवला की पारा काय तो सांगतो. दुखणे मोजायला असे साधन घरात नसते. त्यामुळे पारा उतरला की आजार संपला, असा आपल्या घरांतला आणि कचेऱ्यांतलाही अलिखित नियम आहे. त्यानंतर जे उरते त्याला माणूस पाहून नाव दिले जाते. म्हातारीचे असेल तर ते वय, सुनेचे असेल तर कामचुकारपणा, शाळकरी मुलाचे असेल तर अभ्यासाचा कंटाळा. विषाणूच्या तापानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी सूज, वेदना आणि थकवा यांची वैद्यकशास्त्राने अलीकडच्या काळात गांभीर्याने दखल घेतली आहे. ती दखल कशी घेतली गेली, त्यात महाराष्ट्राचा वाटा काय, आणि कोणता प्रश्न अजून सुटायचा राहिला आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

त्यासाठी चिकुनगुन्यासारखे दुसरे उदाहरण नाही. हा शब्द आपल्याकडे पुष्कळांच्या कानांना ‘चिकन गुनिया’ असा ऐकू आला, आणि कोंबडीचा या आजाराशी काही संबंध नाही हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. शब्द आफ्रिकेतला आहे. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे पठारावर १९५२-५३ साली एका विचित्र तापाची साथ आली. मॅरियन रॉबिन्सन आणि डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन या डॉक्टरांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथल्या लोकांनी या दुखण्याला जे नाव दिले होते त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा होतो. लोकांनी नाव दिले ते तापावरून दिले नाही, माणसाची जी अवस्था होते तिच्यावरून दिले. अंगणातून विहिरीपर्यंत काठी टेकत, कमरेत वाकून जाणारे माणूस ज्याने पाहिले आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९६३ च्या कलकत्त्याच्या साथीत. पुढच्या दोन वर्षांत मद्रास, वेल्लोर, नागपूर अशा ठिकाणी तो दिसला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली मोठी साथ झाली. गावातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे तिने आडवी केली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिची पाहणी केली. हे केंद्र १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झाले होते, आणि १९७८ पासून आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. बार्शीनंतर सुमारे तीन दशके मोठी साथ आली नाही. डॉक्टरांच्या एका पिढीने हा आजार फक्त पुस्तकात वाचला, परीक्षेपुरता लक्षात ठेवला आणि सोडून दिला.

२००५ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकात तो परत आला, आणि २००६ साली महाराष्ट्रात पसरला. पुण्याच्या संस्थेने तपासले तेव्हा दिसले की बार्शीच्या वेळचा विषाणू आशियाई वाणाचा होता आणि हा नवा आफ्रिकी वाणाचा आहे. जुने नमुने पुन्हा काढून पाहिले, तर पुणे जिल्ह्यातल्या यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांतही हा आफ्रिकी वाण सापडला. म्हणजे पाहुणा बराच आधी येऊन ओसरीवर बसला होता. घरात कोणाला पत्ता नव्हता. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली. त्यांतले बहुसंख्य कर्नाटक आणि महाराष्ट्रातले होते.

नोंद इथवर येऊन थांबते. साथ ओसरली, फवारणीचे पंप कोठारात गेले, आकडे दिल्लीला गेले. २००७ सालच्या लावणीच्या वेळी त्यांतल्या किती जणांना रोपांची मूठ धरता येत नव्हती, हे मात्र कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही. कारण आजाराची नोंद ठेवणारी व्यवस्था ताप आलेल्या माणसाला मोजते. तापातून उठलेला माणूस तिच्या लेखी बरा असतो.

या बाबतीत पुण्यात एक वेगळे काम झाले. डॉ. अरविंद चोप्रा हे संधिवाततज्ज्ञ आणि त्यांचे सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस यांचा भर पूर्वीपासून खेड्यांत जाऊन पाहण्यावर होता. १९९६ साली त्यांनी भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखी, कंबरदुखीची पाहणी सुरू केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. हाच शिरस्ता चिकुनगुन्याच्या साथीत कामाला आला. बावी नावाच्या गावात या चमूने पाचशेच्या वर रुग्णांची नोंद केली आणि ताप उतरल्यावर वही मिटली नाही. तब्बल दोन वर्षे त्यांचा माग ठेवला. कोण किती दिवसांत बरा झाला, कोणाला काय उरले, हे लिहून काढले.

त्यातून निघालेले चित्र धीर देणारे आहे आणि सावध करणारेही आहे. बहुतेक माणसे काही आठवड्यांत पूर्ववत झाली. थोड्यांचे दुखणे वर्षभर रेंगाळले, त्याहून थोड्यांचे दोन वर्षे. आणि अगदी मोजक्यांना सांध्यांच्या खऱ्याखुऱ्या सुजेचा, आमवातासारखा आजार जडला. याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये हीच साथ आली आणि बेटावरची जवळजवळ एकतृतीयांश माणसे तिच्या तडाख्यात सापडली. तिथल्या रुग्णांच्या एका गटाचा पाठपुरावा झाला, तेव्हा ३६ महिन्यांनंतरही सुमारे ६० टक्के लोक सांधे दुखत असल्याचे सांगत होते.

एकीकडे मोजकी माणसे आणि दुसरीकडे शंभरातली साठ. मग खरे काय मानायचे? माझा उभा जन्म बँकेत गेला, तेव्हा उदाहरण तिथलेच सुचते. कर्जवसुली विभागाच्या फायली तेवढ्या वाचल्या तर कोणाचीही खात्री पटेल की या तालुक्यात कर्ज फेडणारा माणूसच शिल्लक नाही. सगळे खातेवही पाहिले तर कळते की बहुतेकांनी हप्ते मुकाट्याने फेडलेले असतात. आजाराचेही असेच आहे. कोणत्या माणसांचा गट घेतला, त्यांचे वय काय, ताप किती कडक होता, आणि ‘दुखते’ म्हणजे नेमके किती दुखते, यावर आकडा फिरतो. म्हणून बावीसारखी अख्ख्या गावाची पाहणी मोलाची ठरते. ती उगाच घाबरवत नाही. आणि थोडे टक्के म्हणजे थोडी माणसे असेही नसते, हे विसरता कामा नये. १३ लाख ९० हजारांतले शंभरात एक जरी धरले तरी १३,९०० माणसे होतात. कणकवलीसारख्या एखाद्या छोट्या शहराएवढी वस्ती झाली ती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताप गेला, विषाणू गेला, तर मग सूज का राहते?

सूज ही मुळात शत्रू नाही. बोटात काटा गेला की तिथे लाली येते, गरम लागते, फुगते, ठणकते. शरीराने त्या जागी आपली फौज धाडल्याची ती खूण असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. ‘इकडे या’, ‘रक्तवाहिन्या सैल करा’, ‘तापमान वाढवा’ अशा तऱ्हेचे हे निरोप. काम झाले की ‘आता परता’ असाही निरोप निघतो आणि सूज उतरते. विषाणूच्या तापात हीच लढाई सर्वांगात होते. चिकुनगुन्याचा विषाणू सांध्यांचे अस्तर, स्नायू आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या तंतूंत शिरतो, म्हणून लढाईची मुख्य जागा तिथे असते. आणि काही माणसांत ‘आता परता’ हा निरोप नीट पोचत नाही.

सिंगापूरमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांची सांधेदुखी रेंगाळली त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ या निरोप्याचे प्रमाण चढे आढळले. पुण्याच्या रुग्णांतही अशा निरोप्यांची मोजणी झाली आहे. म्हणजे बाजारात भेटलेली बाई जे सांगत होती त्याला रक्तात पुरावा आहे. तो साध्या तपासणीत दर वेळी दिसतोच असे नाही, ही गोष्ट वेगळी.

पण निरोप का थांबत नाहीत? इथे दोन तर्क आहेत, आणि दोघांच्याही बाजूने चांगले संशोधन आहे. आपल्या चुलीचेच उदाहरण घ्या. रात्री चूल विझवली, वर राख ओढली, तरी सकाळी हात लावला तर राख गरम लागते. आत एखादा निखारा अजून धगधगत असेल, किंवा निखारा कधीच विझला असून चुलीची मातीच तापलेली राहिली असेल. वरून हात लावून हे सांगता येत नाही.

निखारा आहे, असे म्हणणारा पुरावा रियुनियनचा. तिथल्या संशोधकांनी २०१० साली लिहिले की संसर्गानंतर १८ महिन्यांनीही एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातल्या भक्षक पेशींत विषाणूचे जनुकीय अवशेष मिळाले. माकडांवरच्या प्रयोगांतही विषाणू अशा पेशींत दीर्घकाळ दडून राहिलेला दिसला. उलट बाजूचा पुरावा कोलंबियातला. २०१४-१५ च्या सुमारास अमेरिका खंडात ही साथ पसरली, त्यानंतर सरासरी २२ महिन्यांनी ३८ रुग्णांच्या सांध्यांतले पाणी काढून तपासले गेले. त्यात विषाणूचा मागमूस लागला नाही. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे सांधे दुखत होते, पण सांध्यातल्या पाण्यात विषाणू नव्हता. मात्र अस्तर आणि पाणी या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे एका पुराव्याने दुसरा खोटा ठरत नाही.

वाचकाला वाटेल, हा प्रयोगशाळेतला वाद; आपल्याला त्याचे काय? याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीत आहे. आत विषाणू शिल्लक असेल तर रोगप्रतिकारक यंत्रणा दाबून टाकणारी औषधे देणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे. विषाणू गेला असेल आणि यंत्रणाच विनाकारण तापलेली असेल, तर तिला शांत करणारी औषधे द्यायलाच हवीत, नाहीतर सांधा कायमचा झिजतो. म्हणून जाणते डॉक्टर सुरुवातीच्या आठवड्यांत साधी तापाची आणि वेदनेची औषधे देतात, वाट पाहतात, आणि महिने उलटूनही सूज टिकली तरच आमवाताची औषधे विचारपूर्वक आणि तपासण्या करीत सुरू करतात. त्यांचा हा सावधपणा रुग्णाला दिरंगाई वाटतो, पण त्यामागे असा अनुत्तरित प्रश्न आहे.

औषधांच्या बाबतीतही पुण्याच्या कामाचा उल्लेख करायला हवा. २००६ च्या साथीत क्लोरोक्विन, म्हणजे मलेरियाची जुनी गोळी, या सांधेदुखीवर उतारा म्हणून फार नावाजली गेली. डॉ. चोप्रा यांच्या चमूने रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला क्लोरोक्विन, दुसऱ्याला नेहमीची वेदनाशामक गोळी अशी २४ आठवडे दिली. दोन्ही गटांतल्या लोकांना काळाबरोबर आराम पडला, पण क्लोरोक्विन घेणाऱ्यांना त्याहून विशेष काही मिळाले असे दिसले नाही. गोळी घेतली आणि बरे वाटले, एवढ्यावरून गोळीने बरे केले असे ठरत नाही. जे दुखणे मुळातच हळूहळू ओसरणारे असते, त्यात जो कोणी शेवटी भेटतो त्याला श्रेय मिळते. मग तो डॉक्टर असो, वैदू असो की गावातला जाणता. पुढे २०२० साली कोरोनाच्या वेळी याच कुळातल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी जगभर धावपळ झाली, आणि मोठ्या चाचण्यांत तीही निरुपयोगी ठरली. पुण्याच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्येच छापून आले होते.

‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हा आपल्याकडचा आवडता निकाल. त्याचा समाचार ऑस्ट्रेलियातल्या डब्बो नावाच्या ग्रामीण भागात घेतला गेला. चिकुनगुन्याचा एक चुलतभाऊ तिथे आहे, रॉस रिव्हर नावाचा विषाणू. तो ताप आणि आणखी दोन प्रकारचे ताप झालेल्या २५३ जणांचा तिथे पाठपुरावा केला गेला. सहा महिन्यांनी त्यांतले १२ टक्के लोक थकवा, अंगदुखी, झोपेची नासाडी अशा अवस्थेत अडकलेले होते. तीन वेगवेगळ्या जंतूंचे आजार, पण मागे राहिलेले चित्र एकसारखे. कोण अडकणार हे कशावरून सांगता आले? माणसाचा स्वभाव, मनाची ठेवण, शिक्षण यांवरून नव्हे. सुरुवातीचा आजार किती जोराचा होता यावरून. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या एखाद्या सुनेला ‘कामचुकार’ म्हणण्याआधी हा निष्कर्ष आठवावा.

कोरोनाने हा विषय प्रत्येक घरात आणला. २०२० च्या उन्हाळ्यात युरोपातल्या रुग्णांनीच ‘लाँग कोविड’ हा शब्द प्रचारात आणला. डॉक्टरांनी तो त्यांच्याकडून घेतला. माकोंडे पठारावर जे घडले होते तेच इथेही घडले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या ठरवली. संसर्गाला तीन महिने झाले तरी असणारी, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ कोरोना रुग्णांची वर्षभर फोनवरून विचारपूस केली. त्यांतले ६.५ टक्के वर्षाच्या आत दगावले होते. हे सगळे ‘बरे झाले’ म्हणून घरी पाठवलेले रुग्ण होते. वय, जुने आजार अशी कारणे त्यामागे होतीच. तरी रुग्णालयाच्या पायरीवर आजाराचा हिशेब पुरा होत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. ही माहिती हाती आली ती कोणीतरी फोन उचलून ‘कसे आहात?’ असे विचारले म्हणून.

आमच्या सिंधुदुर्गाला तर असा अनुभव जवळचा आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार, आला. गोचिडीच्या चावण्यातून येणाऱ्या या तापाचा शोध १९५७ साली पुण्याच्याच केंद्राने कर्नाटकात लावला होता. त्याची एक खोड अशी की ताप उतरतो, माणूस एक-दोन आठवडे बरा दिसतो, आणि काही रुग्णांत तो पुन्हा उलटतो, या वेळी डोके आणि मज्जासंस्था धरून. ताप उतरताच काजूच्या बागेत कामाला गेलेल्या माणसाला हे ठाऊक असणे किती जरुरीचे आहे!

कोकणातल्या बाईचे सगळे काम बोटांवर आणि मनगटावर चालते. लावणीची मूठ, विळीवर मासळी कापणे, पाट्यावर वाटप, काजूबी फोडणे, विहिरीवरची कळशी. सकाळी उठल्यावर बोटे आवळत नसतील तर चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. मजुरीवर जाणारीचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि घरी असलेलीचा शब्द खाली पडतो. नोकरदाराला तरी रजा मिळते. पण तीही कशी? शाखेत काम करीत असताना रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येत. सोबत दोन दाखले लागत. एक आजारी असल्याचा आणि दुसरा कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा. ताप गेला आहे पण पेन धरवत नाही, अशा अवस्थेसाठी तिसरा दाखला कोणत्याही नियमात नव्हता. नोटा मोजणाऱ्या कॅशियरची बोटे सुजलेली असली तरी कागदोपत्री तो एक तर आजारी असायचा, नाही तर तंदुरुस्त.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, घरच्या कॅलेंडरवर तारखा मांडाव्यात. ताप कधी आला, कधी गेला, कोणते सांधे धरले, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो. दहा मिनिटांत बोटे सुटत असतील तर फार घाबरण्याचे कारण नाही. अर्धा-पाऊण तास लागत असेल, सांधा नुसता दुखत नसून सुजलेला आणि गरम असेल, आणि हे सहा आठवड्यांच्या पुढे चालले असेल, तर डॉक्टरला ही तारखांची यादी दाखवावी. त्यावरून त्याला जेवढे कळेल तेवढे ‘खूप दुखते’ या दोन शब्दांवरून कळणार नाही. सुजेच्या साध्या रक्ततपासण्या तालुक्यालाही होतात. थकवा असेल तर रक्ताचे प्रमाण, साखर, थायरॉइड पाहून घ्यावे. वजन घटत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल तर क्षयाची शंका फेडून घ्यावी. सगळ्याचे खापर जुन्या तापावर फोडणे हाही एक आळसच आहे.

दुसरी गोष्ट, चोवीस तासांत उभे करणाऱ्या निनावी पुड्या आणि गोळ्यांपासून दूर राहावे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. आराम खरोखर जादूसारखा पडतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा ती पुडी मागतो. मग साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि अचानक बंद केली तर जिवावरही बेतू शकते. ताप नवा असताना डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामकेही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; रक्तस्रावाचा धोका असतो. तिसरी गोष्ट, सांधा धरला म्हणून सहा महिने खाटेवर पडून राहू नये. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडझाप करणे, थोडे चालणे, याने सांधा मोकळा राहतो. मात्र ज्यांना थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, अशा थकव्याच्या रुग्णांनी नेट लावून व्यायाम करू नये. त्यांनी काम तुकड्यांत वाटून घ्यावे. दोन्ही दुखणी एकाच तापातून आली तरी त्यांचे पथ्य वेगळे आहे.

आणि मुळात डास होऊ देऊ नयेत, हे आहेच. चिकुनगुन्याचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंगणात पडलेल्या करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, जुने टायर, मोरीतले पिंप, आणि अलीकडे दोडामार्गाकडे लागवड झाली आहे त्या रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्या, ही सगळी त्याची घरे. आठवड्यातून एकदा ती उपडी करायला अर्धा तास लागतो. लसीच्या भरवशावर पिंप उघडे ठेवण्याचे दिवस अजून आलेले नाहीत. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये चिकुनगुन्याच्या पहिल्या लशीला मान्यता मिळाली खरी. पण गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे तिचा परवाना स्थगित झाला.

राहता राहिली गोष्ट नोंदीची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बावीत जे झाले त्याला परदेशी यंत्रे लागली नव्हती. माणसांची यादी लागली, ठरावीक दिवसांनी पुन्हा त्याच दारात जाण्याची चिकाटी लागली आणि सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारण्याची शिस्त लागली. आमच्या गावांत आशाताई आहेत. तापाच्या रुग्णाची नोंद त्या करतातच. त्याच वहीत तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असे तीन रकाने वाढवले, आणि ‘मूठ मिटते का, कळशी उचलते का, कामावर जाता का’ एवढे तीनच प्रश्न विचारले, तरी पुढच्या साथीनंतर या जिल्ह्यात किती माणसे मागे राहिली हे आपल्याला कळेल. कोणाला बांबोळीला किंवा कोल्हापूरला तज्ज्ञाकडे पाठवायचे, हे ठरवायलाही तीच यादी उपयोगी पडेल. निखारा की तापलेली माती, हा वाद सोडवणाऱ्या संशोधकालाही शेवटी अशीच यादी लागते. ती नसेल तर त्याने तपासायचे कोणाला?

तोवर घराघरांत एक काम करता येईल. तापातून उठलेल्या माणसाला दुसऱ्या महिन्यातही एकदा नीट विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. त्याने ‘सांधे सुटत नाहीत’ म्हटले तर कॅलेंडरवर तारीख लिहावी, आणि त्या दिवशीची कळशी दुसऱ्या कोणीतरी उचलावी.